फाटकावरचा पूल आणि लोकसभेतला कागद

प्रश्न: आमच्या गावाजवळच्या रेल्वे फाटकावर उड्डाणपूल व्हावा म्हणून आम्ही तीन वर्षं खासदारांना निवेदनं देतोय. टीव्ही लावला की लोकसभेत नुसता गोंधळ दिसतो. या सभागृहाचा आमच्यासारख्यांना खरंच काही उपयोग आहे का? असेल तर तो करून कसा घ्यायचा?

उत्तर:

राग रास्त आहे. पण टीव्हीवर दिसते ती लोकसभेची ओसरी. माजघरात काय शिजतं ते कॅमेऱ्यात येत नाही, आणि तुमचं काम माजघरातलं आहे.

मी बावीस वर्षं दिल्लीत खासदारांकडे सहायक म्हणून काढली. नॉर्थ अव्हेन्यूच्या फ्लॅटमधली एक खोली, एक टायपिस्ट, आणि निवेदनांचे गठ्ठे. चार खासदार झाले, तीन पक्षांचे. माझं काम मात्र तेच राहिलं: प्रश्नांचे मसुदे करायचे, सूचना मुदतीत पोचवायच्या, आणि उत्तरं आली की त्यातली पळवाट शोधायची. त्या अनुभवातून सांगतो.

आधी गोंधळाचं. सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास. रोज २० तारांकित प्रश्न आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत असतात. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने उभं राहून द्यायचं आणि त्यावर पुरवणी प्रश्न झेलायचे. अतारांकित म्हणजे फक्त लेखी उत्तर. तारांकित यादी हिरव्या कागदावर छापायची आणि अतारांकित पांढऱ्या, अशी जुनी पद्धत, त्यामुळे आमच्या खोलीत ‘हिरव्यात लागला का?’ असंच विचारायचे. शांततेत चाललेल्या तासातही पाच-सहा प्रश्नांपलीकडे गाडी क्वचितच जाते. आता सदस्य फलक घेऊन हौद्यात उतरले, अकरा वाजून पाच मिनिटांनी सभागृह तहकूब झालं, तर काय होतं? तारांकित प्रश्नांची उत्तरं पटलावर ठेवली असं मानलं जातं आणि अतारांकितांची तर लेखीच असतात. म्हणजे तुम्ही वैतागून टीव्ही बंद केलात त्या दिवशीही अडीचशेच्या आसपास उत्तरं सरकारच्या सहीशिक्क्यानिशी बाहेर पडलेली असतात. संसदेच्या संकेतस्थळावर ती संध्याकाळपर्यंत वाचायला मिळतात. वाचणारे किती, हा वेगळा विषय.

गोंधळाने काहीच बिघडत नाही असं मात्र समजू नका. बुडतो तो पुरवणी प्रश्न, आणि लेखी उत्तरात लपलेलं तोंडी विचारल्यावरच बाहेर येतं. १९५७ सालचं मुंदडा प्रकरण आठवा. आयुर्विमा महामंडळ जेमतेम वर्षाचं होतं आणि त्याचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांच्या शेअरमध्ये गुंतवले गेले होते. सुरुवात साध्या प्रश्नांनी झाली. सरकारची उत्तरं गुळमुळीत निघाली, तसे पुढचे प्रश्न टोकदार होत गेले, आणि डिसेंबरमध्ये फिरोज गांधी यांनी सभागृहात सगळं मांडलं. ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार, पंतप्रधानांचे जावई. न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग बसला, त्याचं कामकाज मुंबईत जाहीरपणे चाललं, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. लेखी उत्तरावर समाधान मानून सगळे गप्प बसले असते तर त्या फायलीवर धूळच बसली असती.

लोकसभेचं मोठं काम तुम्हाला शाळेत शिकवलंय, म्हणून ते एका परिच्छेदात आटोपतो. मंत्रिमंडळ सामुदायिकपणे जबाबदार असतं ते लोकसभेला, राज्यसभेला नाही. म्हणून १७ एप्रिल १९९९ रोजी २६९ विरुद्ध २७०, अशा एका मताने वाजपेयी सरकार गेलं. आणि पैसा. धनविधेयक लोकसभेतच मांडलं जातं. राज्यसभेने ते १४ दिवसांत परत करायचं, तिच्या शिफारशी मानायच्या की नाही ते लोकसभा ठरवते. मंत्रालयांच्या खर्चाच्या बहुतेक मागण्यांवर चर्चा होतच नाही, शेवटच्या दिवशी गिलोटिन लावून त्या एकगठ्ठा मंजूर होतात. देशाच्या तिजोरीची किल्ली जिच्या हाती, ती सभा हिशेब न बघताच कुलूप उघडते, हे मला शेवटपर्यंत खटकत राहिलं.

आता तुमचा पूल.

तुमचं निवेदन खासदारांच्या कार्यालयात गेल्यावर त्याचं काय होतं ते ऐका. सहायक त्याला एक पत्र जोडतो: ‘सोबतचे निवेदन आपल्या माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी.’ ते रेल्वेमंत्र्यांकडे जातं. काही आठवड्यांनी मंत्र्यांच्या सहीचं उत्तर येतं, ‘आपले पत्र मिळाले, विषय तपासून पाहण्यास सांगितले आहे.’ मी अशी पत्रं हजारांनी पाठवली असतील, आणि त्यांची उत्तरंही हजारांनी फायलीत लावली. त्या पत्रव्यवहाराला दात नसतात. मंत्री पत्रात चुकीचं लिहून गेला तरी कुणी विचारत नाही. तेच लोकसभेत चुकीचं उत्तर दिलं, तर अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली सदस्य ती चूक दाखवून देऊ शकतो, दिशाभूल मुद्दाम केली असेल तर विशेषाधिकार भंगाचा विषय होतो. त्यामुळे प्रश्न आला की मंत्रालयात धावपळ होते. रेल्वे बोर्डाकडून झोनकडे, झोनकडून विभागाकडे, विभागाकडून थेट त्या सेक्शनच्या अभियंत्याकडे विचारणा होते. वर्षभर न हललेली फाईल त्या आठवड्यात चार टेबलं फिरून येते. माझ्या लेखी प्रश्नाची अर्धी किंमत इथेच वसूल होते, उत्तर यायच्या आधी.

म्हणून निवेदन देऊ नका, प्रश्न द्या. तयार मसुदा करून द्या. खासदारांच्या कार्यालयात माणसं कमी असतात. सरासरी मतदारसंघ अठरा लाखांच्या आसपास मतदारांचा, आणि प्रत्येकाला वाटतं माझंच काम आधी. हातात आयता प्रश्न पडला तर सहायक खूश होतो. हे मी त्या खुर्चीवर बसून सांगतोय.

मसुदा करताना मी पहिल्या वर्षी जी चूक केली ती करू नका. असल्याच एका फाटकाबद्दल मी लिहिलं होतं: ‘जनतेच्या हालअपेष्टांकडे रेल्वे प्रशासन जाणूनबुजून दुर्लक्ष का करीत आहे?’ मला ते झणझणीत वाटलं. सचिवालयाने नामंजूर करून परत पाठवलं. नियमच तसे आहेत: प्रश्नात आरोप नको, उपरोध नको, तर्क नको, मत मागायचं नाही, आणि एकूण १५० शब्दांच्या आत. राग बाहेर ठेवून फक्त माहिती मागायची. सुरुवातीला ते मिळमिळीत वाटतं. नंतर कळतं, की कोरड्या आकड्याने मंत्रालयाला जितका घाम फुटतो तितका विशेषणाने फुटत नाही.

तुमच्या बाबतीत कोणता आकडा मागायचा? रेल्वेच्या भाषेत त्याला टीव्हीयू म्हणतात, ट्रेन व्हेईकल युनिट. दिवसभरात फाटकावरून जाणाऱ्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची संख्या. वाहनांना आकारानुसार वेगवेगळं वजन असतं. हा गुणाकार एक लाखाच्या वर गेला की ते फाटक खर्च वाटून घेऊन उड्डाणपूल बांधण्याच्या निकषात बसतं. तुम्ही तीन वर्षं ‘वाहतुकीची फार कोंडी होते’ असं लिहीत असाल. कोंडी हा शब्द रेल्वेच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. टीव्हीयू बसतो.

दुसरी गोष्ट, घोडं अडतं कुठे ते ओळखा. अशा पुलांचा खर्च रेल्वे आणि राज्य सरकार वाटून घेतात, आणि महाराष्ट्रात बरेच पूल आता महारेल या दोघांच्या संयुक्त कंपनीकडे असतात. काम सुरू होण्याआधी पुलाचा आराखडा, ज्याला सगळे जीएडी म्हणतात, दोन्ही बाजूंनी मंजूर व्हावा लागतो. रेल्वेला विचारलं की ती म्हणते राज्याची संमती आली नाही. राज्याला विचारलं की ते म्हणतं रेल्वेने त्रुटी काढल्यात. दोघेही खरं बोलत असतात, फक्त तारखा सांगत नाहीत. म्हणून प्रश्नात तारखाच मागायच्या.

तर मसुदा साधारण असा: (अ) अमुक विभागातील अमुक जिल्ह्यात किती फाटकांवर टीव्हीयू एक लाखापेक्षा अधिक आहे, आणि फाटक क्रमांक अमुक येथे शेवटच्या गणनेत तो किती आढळला व ती गणना कधी झाली, (आ) या फाटकांपैकी कोणत्या ठिकाणी उड्डाणपूल मंजूर आहेत, मंजुरीचे वर्ष, अंदाजित खर्च व आजवर झालेला खर्च, (इ) जीएडी राज्य सरकारकडे कोणत्या तारखेला पाठवला, संमती कोणत्या तारखेला आली, नसल्यास पाठपुराव्याच्या पत्रांच्या तारखा, (ई) काम पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख. एवढंच. एकाच फाटकाबद्दल विचारलं तर फारच स्थानिक बाब म्हणून सचिवालय नाक मुरडू शकतं, म्हणून जिल्हाभराची फाटकं विचारायची आणि आपलं त्यात अलगद बसवायचं.

सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. प्रत्येक मंत्रालयाचा आठवड्यात एक ठरलेला वार असतो, कोणत्या वाराला कोण ते अधिवेशनाआधी जाहीर होतं. तारांकितसाठी सोडत निघते आणि एका सदस्याचा दिवसाला एकच तारांकित लागतो, त्यामुळे ती लॉटरीच. तुमच्या कामाला अतारांकितच बरा. तो कमी मानाचा आहे, पण तक्त्यासकट उत्तर येतं, आणि तो तक्ता तुम्हाला पुढे पाच वर्षं पुरतो.

उत्तर आलं की क्रियापदं बघा. ‘विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल’, ‘तपासून पाहिले जाईल’. सामान्य वाचकाला ही टोलवाटोलवी वाटते. आम्हाला ती वाक्यं दिसली की आनंद व्हायचा, कारण अशा ठरावीक शब्दप्रयोगांची यादीच आहे आणि ते वापरले की सरकारने सभागृहाला आश्वासन दिलं असं धरलं जातं. ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. १९५३ साली, आपले दादासाहेब मावळणकर अध्यक्ष असताना, लोकसभेने यासाठी सरकारी आश्वासन समिती नेमली. ती मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारते, अमुक तारखेला दिलेल्या शब्दाचं काय झालं. मंत्रालयं मुदतवाढ मागतात, काही आश्वासनं वर्षानुवर्षं लोंबकळतात, हेही खरं. तरी नोंदीतून नाव जात नाही. मंत्रालयातले जाणते अधिकारी म्हणूनच ‘विचाराधीन’ लिहायचं टाळतात. त्यांनी टाळलं आणि स्पष्ट ‘प्रस्ताव नाही’ लिहिलं, तर तेही चांगलं, निदान तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात हे कळतं.

शून्य प्रहर आणि नियम ३७७ यांचं काय, असं तुम्ही विचाराल, कारण खासदारांची फेसबुकवरची चित्रफीत बहुधा त्यातलीच असते. शून्य प्रहर हा शब्द नियमावलीत नाहीसुद्धा. बारा वाजता प्रश्नोत्तरं संपली की तातडीचे विषय मांडायचे, ही रुळलेली प्रथा. मंत्र्याने उत्तर द्यायची सक्ती तिथे नाही. नियम ३७७ खाली २५० शब्दांपर्यंतचा मजकूर वाचता किंवा पटलावर ठेवता येतो आणि मंत्रालय नंतर सदस्याला लेखी कळवतं. मतदारसंघात दाखवायला दोन्ही उत्तम. मराठीतूनही बोलता येतं, दुभाषी असतात. पण तारखा आणि आकडे हवे असतील तर प्रश्नच. शून्य प्रहरातलं भाषण हे लग्नातल्या अहेरासारखं असतं, दिल्याचं समाधान दोन्हीकडे असतं.

एक अडचण येऊ शकते. तुमचे खासदार केंद्रात मंत्री असतील तर त्यांना प्रश्न विचारता येत नाही. तेव्हा शेजारच्या मतदारसंघातल्या खासदारांना गाठा. सदस्याने स्वतःच्या मतदारसंघापुरतंच विचारावं असा नियम नाही. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आहेत, राज्यसभेत १९. विरोधी पक्षातल्या खासदाराचा प्रश्नही मंत्रालयाला तितकाच बांधील असतो. समाजवादी नेते मधू लिमये मूळचे पुण्याचे, निवडून यायचे बिहारमधून, मुंगेर आणि बांका इथून. त्यांनी नियमावलीच्या जोरावर किती सरकारी बाकं अस्वस्थ केली त्याला हिशेब नाही.

आणि विषय केंद्राचा आहे ना, ते आधी पाहा. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, टपाल, भविष्यनिर्वाह निधी, राष्ट्रीयीकृत बँका, पासपोर्ट, विमानतळ हे लोकसभेत चालतं. सातबारा, जिल्हा परिषदेची शाळा, गावचा रस्ता, एसटीची फेरी हे राज्याचं. त्यावर दिल्लीत प्रश्न टाकलात तर ‘हा विषय राज्य सरकारच्या अखत्यारीत येतो’ एवढी एक ओळ येईल. माझ्याकडे येणाऱ्या निवेदनांत निम्म्याहून अधिक असलीच असायची. त्यासाठी आमदार गाठायचा.

खासदारांची साथ नसेलच, तर लोकसभेच्या याचिका समितीचं दार आहे. याचिका रीतसर सभागृहात यायला सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते, पण साधी निवेदनंही समिती विचारात घेते. हिंदी किंवा इंग्रजीत लिहायची, मराठीत लिहिली तर भाषांतर जोडायचं, आणि न्यायालयात चालू असलेला विषय आणायचा नाही. दार छोटं आहे, पण तिथे रांग नसते. जिल्ह्यात केंद्राच्या योजनांवर देखरेख करणारी ‘दिशा’ समिती असते, तिचे अध्यक्ष खासदार. आणि रेल्वेचे महाव्यवस्थापक त्यांच्या हद्दीतल्या खासदारांची बैठक घेतात. त्या बैठकीची तारीख सहायकाला विचारून ठेवा आणि आदल्या आठवड्यात उत्तराची प्रत खासदारांच्या हातात द्या. खासदार निधीच्या नादी मात्र लागू नका. वर्षाला पाच कोटी, सगळ्या मतदारसंघासाठी. त्यात उड्डाणपूल होत नाही, बसथांब्याचं शेड होतं.

इतकं सगळं सांगितलं तरी सभागृह पूर्वीसारखं राहिलेलं नाही, हे कबूल करायला हवं. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसली, सतरावी ५५ दिवस. बसायचे दिवस कमी म्हणजे प्रश्नांचे दिवस कमी, सरळ हिशेब. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात तर कोविडचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नाही, लेखी उत्तरं तेवढी मिळाली. विधेयकं छाननीसाठी खासदारांच्या स्थायी समितीकडे पाठवायची सवय सुटत चालली. पंधराव्या लोकसभेत दहापैकी सातेक जायची, सतराव्यात दोनसुद्धा नाहीत. आणि १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप, म्हणजे पक्षादेश, निघाला की मतदानात खासदाराला स्वतःचं डोकं वापरायची मुभा उरत नाही. प्रश्न विचारायला मात्र व्हिप नसतो. म्हणून मी म्हणतो, आजच्या खासदाराकडे खऱ्या अर्थाने स्वतःची अशी राहिलेली ही मोठी सत्ता आहे. तिचाही बाजार झाला होता. प्रश्न विचारायला पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये दोन्ही सभागृहांतून मिळून ११ खासदार बडतर्फ झाले. ज्याला कवडीची किंमत नाही त्यासाठी कुणी पैसे देत नाही, एवढं त्यातून घ्या.

रेल्वेचाच विषय आहे म्हणून राजापूरची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९५७ पासून नाथ पै तिथले खासदार, १९७१ पासून मधू दंडवते. कोकणातल्या रेल्वेसाठी या मतदारसंघाने दिल्लीचा पिच्छा सोडला नाही. दंडवते १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम आला तो त्यांच्या काळात, पण कोकण रेल्वे तेव्हाही पूर्ण झाली नाही. महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं, तेव्हा ते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. सगळा मार्ग खुला व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडलं. तुमची तीन वर्षं त्यामानाने काहीच नाहीत, असं म्हणून मी तुम्हाला गप्प करत नाहीये. फक्त पुढचं अधिवेशन चुकवू नका.

अधिवेशनाची तारीख जाहीर झाल्या आठवड्यातच मसुदा घेऊन कार्यालयात जा, साहेब भेटले नाहीत तर सहायकाला भेटा, चहा तोच पाजेल. त्याआधी एक काम: फाटकाजवळच्या पाटीवर त्याचा क्रमांक आणि किलोमीटर लिहिलेला असतो. तुमच्या प्रश्नात तो कुठेच नाही, आणि तीन वर्षांच्या निवेदनांतही नसावा अशी मला शंका आहे. उद्या जाताना तेवढा टिपून आणा.